ज्यांचं वकीलपत्र घ्यायला लोक कचरायचे, त्यांचे वकील : क्लॅरन्स डॅरो

अमेरिकेतल्या शिकागो शहरात २१ मे १९२४ रोजी चौदा वर्षांचा एक मुलगा शाळेतून घरी परतलाच नाही. रात्री घरी फोन आला, मुलाला पळवून नेलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाने चिठ्ठी आली, दहा हजार डॉलर तयार ठेवा. पैसे घेऊन बाप घराबाहेर पडायच्या आतच मुलाचं प्रेत सापडल्याची बातमी आली. पुढच्या दहा दिवसांत दोन तरुण पकडले गेले आणि दोघांनीही गुन्हा कबूल केला. दोघांना फासावर लटकवा, एवढी एकच मागणी शहरभर होती. अशा वेळी ६७ वर्षांच्या एका वकिलाने त्या दोघांचं वकीलपत्र घेतलं. त्यांचं नाव क्लॅरन्स डॅरो.

डॅरो यांच्या आयुष्यात अपहरणाशी संबंध असलेले तीन मोठे खटले आले. पहिल्यात त्यांच्या अशिलांनाच सरकारी माणसांनी रातोरात पळवून आणलं होतं. दुसऱ्यात अशिलांनी दुसऱ्याचं पोर पळवून मारलं होतं. तिसऱ्यात अशिलांनी कोर्टाच्या दारातून एका तरुणाला उचलून नेऊन त्याचा जीव घेतला होता. आरोपीसाठी वकील नेमकं काय करतो, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसाचं आयुष्य पाहण्यासारखं आहे. त्यात अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे, आणि मान खाली जावी असंही काही आहे.

लाकूडकाम करणाऱ्याचा मुलगा

डॅरो यांचा जन्म १८ एप्रिल १८५७ चा. ओहायो राज्यातल्या किन्समन या छोट्या गावाकडचा. वडील अमायरस घरातलं लाकडी सामान बनवायचे आणि गावातल्या मयतांच्या अंत्यविधीची व्यवस्थाही तेच करायचे. कमाई बेताची, पण घरात पुस्तकं भरपूर. आई-वडील दोघंही गुलामगिरीच्या विरोधातले. गाव देवाधर्माचं, आणि वडील मात्र सगळ्याला प्रश्न विचारणारे. चारचौघांच्या उलट बोलायची सवय मुलाला घरातूनच लागली. क्लॅरन्स पंधराच्या आसपास असताना आई वारली.

कॉलेज एक वर्ष झालं आणि पैशाअभावी सुटलं. मग काही वर्षं त्यांनी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली आणि फावल्या वेळात कायद्याची पुस्तकं वाचली. मिशिगन विद्यापीठात एक वर्ष कायदा शिकले आणि १८७८ मध्ये वकिलीची सनद मिळाली. सुरुवातीची वकिली गावाकडचीच. घोड्याच्या सौद्यात फसवलं, शेजाऱ्याने शिवीगाळ केली, कुणाचे पैसे बुडाले, असले दावे.

ॲशटाब्युला या गावात त्यांनी घर घ्यायचं ठरवलं होतं. पण हा वकील हप्ते फेडेल याचा भरवसा वाटेना, म्हणून घरमालकाच्या बायकोने कागदावर सही करायला नकार दिला. हा किस्सा डॅरो पुढे स्वतःच रंगवून सांगायचे. घर मिळालं नाही, मग गावच सोडलं आणि १८८७ मध्ये ते शिकागोला आले.

त्याआधीच त्यांच्या हाती एक पुस्तक पडलं होतं. जॉन आल्टगेल्ड यांनी लिहिलेलं, तुरुंग आणि कैदी यांच्याविषयीचं. तुरुंगात कोण जातं, का जातं, गरिबालाच तिथे जास्त का सापडतो, असा त्याचा विषय. आल्टगेल्ड पुढे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर झाले. शिकागोत डॅरो यांची त्यांच्याशी मैत्री झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

रेल्वे कंपनीचं काम सोडलं

शिकागोत डॅरो यांचा जम बसला. आधी महापालिकेचे वकील, मग एका मोठ्या रेल्वे कंपनीचे वकील. पगार चांगला, नाव चांगलं. पण १८९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या कामगारांनी मजुरी कपातीविरुद्ध संप केला. रेल्वे कामगारांचे पुढारी युजीन डेब्ज यांच्यावर खटले भरले गेले. डॅरो यांनी कंपनीचं काम सोडलं आणि डेब्ज यांचं वकीलपत्र घेतलं. कोर्टाचा मनाई हुकूम मोडल्याबद्दल डेब्ज यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास झालाच, तो डॅरो यांना टाळता आला नाही. पण कामगारांना आपला वकील सापडला.

त्याच वर्षी त्यांनी फाशीच्या एका कैद्यासाठी धडपड केली. शिकागोच्या महापौरांचा खून करणारा तो तरुण डोक्याने ठीक नाही, हे दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला. तो फसला आणि जुलै १८९४ मध्ये त्या तरुणाला फाशी झाली. फाशीच्या शिक्षेबद्दलचा विरोध डॅरो यांच्या मनात त्यानंतर आणखी पक्का झाला.

रातोरात पळवलेले तीन आरोपी

३० डिसेंबर १९०५ रोजी आयडाहो राज्याचे माजी गव्हर्नर फ्रँक स्ट्युनेनबर्ग आपल्या घराचं फाटक उघडत होते. फाटकाला बाँब लावलेला होता. त्यात त्यांचा जीव गेला. हॅरी ऑर्चर्ड नावाचा माणूस पकडला गेला. त्याने गुन्हा कबूल केला आणि खाण कामगार संघटनेच्या तीन पुढाऱ्यांनी हे काम करायला लावलं असं सांगितलं. ते तिघे म्हणजे बिल हेवूड, चार्ल्स मोयर आणि जॉर्ज पेटिबोन.

अडचण अशी होती की तिघेही शेजारच्या नव्हे, पार दूरच्या कोलोरॅडो राज्यात राहत होते. गुन्ह्याच्या दिवशी ते आयडाहोत नव्हते. कायद्याने त्यांना दुसऱ्या राज्यात न्यायचं तर कोर्टात दाद मागायची संधी द्यायला हवी होती. ती द्यायचीच नव्हती. फेब्रुवारी १९०६ मध्ये एका शनिवारी रात्री, कोर्ट बंद असताना, तिघांना डेन्व्हर शहरात पकडलं. वकिलाला भेटू दिलं नाही. पहाट व्हायच्या आत खास आगगाडीत घातलं आणि थेट आयडाहोच्या तुरुंगात नेऊन बसवलं.

हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९०६ मध्ये न्यायालयाने बहुमताने असं ठरवलं की आरोपी कसाही आणलेला असो, तो आता राज्यात आहे, तेव्हा खटला चालवायला हरकत नाही. एकटे न्यायमूर्ती मॅकेना वेगळ्या मताचे होते. एखाद्या माणसाने पळवून नेलं तर ते अपहरण ठरतं, मग सरकारने केलं तर ते काय वेगळं, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता.

हेवूड यांचा खटला १९०७ मध्ये बॉयसी शहरात उभा राहिला. तिथे ज्युरीची पद्धत होती. ज्युरी म्हणजे निवडलेले बारा सामान्य नागरिक, आणि आरोपी दोषी की निर्दोष हे तेच ठरवणार. या ज्युरीत बहुतेक शेतकरी होते. सरकारची सगळी मदार माफीच्या साक्षीदारावर, म्हणजे ऑर्चर्डवर होती. त्याने साक्षीत आणखी कितीतरी खून कबूल केले. डॅरो यांनी एकच धागा धरून ठेवला. साथीदाराच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला दोषी धरता येत नाही, त्याला दुसरा पुरावा जोडावा लागतो, असा आयडाहोचा कायदा होता. तो दुसरा पुरावा कुठे आहे, हे ते विचारत राहिले. त्यांचं शेवटचं भाषण सुमारे अकरा तास चाललं. ज्युरीने हेवूड यांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी पेटिबोनही सुटले आणि मोयर यांच्यावरचा खटला सोडून देण्यात आला.

वकीलच आरोपीच्या पिंजऱ्यात

ऑक्टोबर १९१० मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका वर्तमानपत्राच्या इमारतीत बाँबस्फोट झाला. वीसहून जास्त नाहीत तरी वीसएक कामगार त्यात दगावले. मॅकनमारा नावाच्या दोन भावांना पकडलं. कामगार संघटनांनी देशभरातून वर्गणी जमवली आणि डॅरो यांना उभं केलं. पोरं निर्दोष आहेत अशी लाखो कामगारांची श्रद्धा होती.

पुरावे पाहिल्यावर डॅरो यांना कळून चुकलं की भाऊ दोषी आहेत आणि ज्युरी त्यांना फासावर देणार. १ डिसेंबर १९११ रोजी त्यांनी दोघांना गुन्हा कबूल करायला लावला. जीव वाचला, एकाला जन्मठेप आणि दुसऱ्याला पंधरा वर्षं झाली. पण ज्यांनी घासातला घास काढून वर्गणी दिली होती, त्या कामगारांना हा दगा वाटला.

त्याहून मोठं संकट पुढे होतं. त्या कबुलीच्या दोनतीन दिवस आधी डॅरो यांच्या एका माणसाला ज्युरीतल्या नागरिकाला लाच देताना पोलिसांनी भर रस्त्यात पकडलं होतं. त्याच वेळी डॅरोही तिथेच रस्त्यावर दिसले होते. त्यांच्यावर लाच दिल्याचे दोन खटले भरले गेले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बोलणाऱ्याला आता स्वतःसाठी वकील शोधावा लागला. १९१२ च्या पहिल्या खटल्यात ते निर्दोष सुटले. १९१३ च्या दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, पुढे तो मागे घेतला गेला. कॅलिफोर्नियात पुन्हा वकिली करायची नाही, या बोलीवर ते शिकागोला परत आले. लाच खरंच त्यांच्या सांगण्यावरून दिली होती का, याबद्दल अभ्यासकांमध्ये आजही दोन मतं आहेत.

पन्नाशी उलटलेली, साठवलेला पैसा संपलेला, कामगार संघटनांनी पाठ फिरवलेली. अशा अवस्थेत डॅरो यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गरिबांचे, खुनाच्या आरोपातल्या लोकांचे खटले ते घेत गेले आणि दहाएक वर्षांत देशातले नावाजलेले फौजदारी वकील झाले.

चष्म्याची बिजागरी आणि टाइपरायटर

आता १९२४ चं शिकागो. मारला गेलेला मुलगा बॉबी फ्रँक्स, श्रीमंत घरातला. पकडलेले दोघे नेथन लिओपोल्ड, वय १९, आणि रिचर्ड लोब, वय १८. तेही गडगंज घरातले आणि अभ्यासात कमालीचे हुशार. लोब हा तर बॉबीचा नात्यातला आणि शेजारचा. ओळखीचा आहे म्हणून बॉबी त्यांच्या गाडीत बसला. गाडीतच पटाशीने डोक्यात घाव घालून त्याला मारलं. प्रेत शहराबाहेर तळ्याजवळ रेल्वेखालच्या मोरीत कोंबलं. पैशाची गरज दोघांपैकी कुणालाच नव्हती. कुणाला पत्ता लागणार नाही असा गुन्हा करून दाखवायचा, ही त्यांची मस्ती होती.

पत्ता मात्र लवकरच लागला. प्रेताजवळ एक चष्मा पडलेला होता. त्याच्या दांडीची बिजागरी वेगळ्या घडणीची होती आणि तसे चष्मे शिकागोत फक्त तीन गिऱ्हाइकांनी घेतले होते. त्यातला एक लिओपोल्ड. पक्षी बघायला त्या भागात जातो, तेव्हा पडला असेल, असं त्याने सांगितलं. त्या दिवशी आपण दोघं माझ्या गाडीतून फिरत होतो, असंही दोघांनी सांगितलं. पण लिओपोल्डच्या घरच्या ड्रायव्हरने सांगून टाकलं की ती गाडी त्या दिवशी दुरुस्तीसाठी घरीच उभी होती. दोन तरुण बातमीदारांनी लिओपोल्डने टाइप केलेल्या अभ्यासाच्या नोट्स मिळवल्या. खंडणीच्या चिठ्ठीतली अक्षरं आणि नोट्समधली अक्षरं एकाच टाइपरायटरची निघाली. ३१ मे रोजी दोघांनी कबुली दिली.

लोबचे नातेवाईक रात्री डॅरो यांच्या घरी गेले. पोरांना सोडवा असं त्यांचं मागणंच नव्हतं, फक्त जीव वाचवा एवढं होतं. डॅरो तेव्हा थकलेले होते, सांधेदुखीने बेजार होते. तरी ते हो म्हणाले. फाशीच्या विरोधात सगळ्या देशाला ऐकू जाईल असं बोलायची ही संधी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

ते उभे राहीपर्यंत बराच उशीर झाला होता. सरकारी वकील रॉबर्ट क्रो यांनी वकिलाची भेट होण्याआधीच दोघांकडून सगळं वदवून घेतलं होतं. कुठे काय टाकलं ते दाखवायला शहरभर फिरवलं होतं आणि सरकारतर्फे मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणीही उरकून घेतली होती. पोरंही न विचारता बोलत सुटली होती. वकील भेटेपर्यंत आरोपी जे बोलतो, ते पुढे वकिलाला पुसता येत नाही.

दोन्ही गुन्हे एकदम कबूल

आरोप दोन होते, खून आणि खंडणीसाठी अपहरण. इलिनॉय राज्यात या दोन्ही गुन्ह्यांना तेव्हा फाशी होऊ शकत होती. इथेच खरी मेख होती. समजा खुनाचा खटला आधी चालला आणि त्यात फाशी टळली, तर सरकारी वकील अपहरणाचा खटला वेगळा चालवून दुसऱ्यांदा फाशी मागू शकत होते. एकाच मानेसाठी दोन दोर तयार होते.

सगळ्यांना वाटत होतं की डॅरो पोरांना वेडं ठरवून सोडवायला बघणार. सरकारी वकिलांची सगळी तयारी तीच होती. २१ जुलै १९२४ रोजी डॅरो कोर्टात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही आरोपांत गुन्हा कबूल असल्याचं सांगितलं. कोर्टातले सगळे चक्रावले. ही गोष्ट आधी फुटू नये म्हणून खुद्द आरोपींनाही त्यांनी त्याच सकाळी सांगितलं होतं.

या चालीने दोन गोष्टी साधल्या. दोन्ही गुन्हे एकाच वेळी न्यायाधीशांपुढे आले, त्यामुळे दुसऱ्या खटल्याची तलवार गेली. आणि गुन्हा कबूल केल्यावर ज्युरी लागत नाही, शिक्षा एकट्या न्यायाधीशांनी ठरवायची असते. चिडलेल्या शहरातून निवडलेले बारा जण फाशी देऊन मोकळे झाले असते. बारा जणांत प्रत्येकाला वाटतं की निर्णय काही माझ्या एकट्याचा नाही. न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली यांना मात्र अठरा-एकोणीस वर्षांच्या दोन पोरांच्या फाशीच्या कागदावर आपल्या एकट्याच्या हाताने सही करावी लागणार होती.

सुनावणी महिनाभर चालली. बॉबीची आई साक्षीला उभी राहिली आणि मुलाचे कपडे, बूट तिने ओळखले. आरोपींच्या बाजूने मनोविकारतज्ज्ञ आले. दोघं वेडे आहेत असं त्यांनी म्हटलं नाही. बुद्धी वाढली पण मन वाढलं नाही, असं त्यांच्या सांगण्याचं सार होतं.

ऑगस्टच्या अखेरीस डॅरो यांनी शेवटचं भाषण केलं. तीन दिवसांत मिळून ते सुमारे बारा तास बोलले. चुरगळलेला कोट, पँटला गॅलिस, कपाळावर आलेली केसांची बट. गुन्हा भयंकर आहे हे त्यांनी एकदाही नाकारलं नाही. पण एवढ्या कोवळ्या वयाच्या, गुन्हा कबूल केलेल्या पोरांना फासावर द्यायची आजवरची रीत नाही, हे त्यांनी उदाहरणं देत दाखवलं. आरोपी गरीब असते तर कबुलीच्या बदल्यात जन्मठेप सरकारी वकिलांनी कधीच मान्य केली असती, श्रीमंतीच इथे पोरांच्या मुळावर आली, असंही त्यांचं म्हणणं होतं. सूड घेऊन गेलेलं पोर परत येत नाही आणि जगातला निर्दयपणा तेवढा वाढतो, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता.

१० सप्टेंबर १९२४ रोजी निकाल लागला. खुनासाठी जन्मठेप आणि अपहरणासाठी ९९ वर्षं. तज्ज्ञांच्या साक्षींवर न्यायाधीश फारसे विसंबले नाहीत, त्यांनी मुख्यतः आरोपींचं वय पाहिलं. लोकांचा राग काही शमला नाही. पैशाने फाशी विकत घेतली, असं बरेच जण म्हणत राहिले. डॅरो यांना दहा लाख डॉलर मिळाले अशी अफवा होती. प्रत्यक्षात फी त्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, आणि तीही मिळायला बरीच वाट पाहावी लागली.

लोबला १९३६ मध्ये तुरुंगातच दुसऱ्या कैद्याने मारलं. लिओपोल्ड तुरुंगात कैद्यांना शिकवत राहिला. ३३ वर्षांनी, १९५८ मध्ये त्याची सुटका झाली. पोर्तो रिको बेटावर एका दवाखान्यात तो कामाला लागला आणि १९७१ मध्ये वारला. बॉबी फ्रँक्सला मात्र चौदाच वर्षं मिळाली. डॅरो यांच्या यशाबद्दल बोलताना ही बाजू विसरून चालत नाही.

होनोलुलूचा डाग

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. डॅरो त्याच्या बाजूने उभे राहिले. मग डेट्रॉईट शहरात डॉ. ओसियन स्वीट या काळ्या डॉक्टरांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. जमावाने घरावर दगडफेक केली, घरातून गोळी सुटली, एक गोरा मेला आणि घरातले सगळे खुनाचे आरोपी झाले. डॅरो यांच्या वकिलीवर अखेर ते सुटले. काळ्या लोकांच्या मनात डॅरो यांचं नाव कायमचं कोरलं गेलं.

म्हणूनच १९३२ सालचा हवाई बेटांवरचा खटला जास्त सलतो. होनोलुलूत एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने आपल्यावर अत्याचार झाल्याची फिर्याद दिली होती. पाच स्थानिक तरुणांवर खटला चालला, पण ज्युरीचं एकमत झालं नाही. त्या पाचांपैकी जोसेफ काहाहावाई हा तरुण ८ जानेवारी १९३२ रोजी हजेरी द्यायला कोर्टात आला होता. फिर्यादीची आई ग्रेस फोर्टेस्क्यू, नवरा थॉमस मॅसी आणि दोन नौसैनिक यांनी बनावट समन्स दाखवून त्याला गाडीत घातलं आणि भाड्याच्या घरात नेऊन गोळी घातली. प्रेत समुद्रात टाकायला नेताना ते पकडले गेले.

या चौघांचं वकीलपत्र डॅरो यांनी घेतलं. वय ७५ च्या घरात, आणि १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत साठवलेला पैसा बुडालेला. फीची त्यांना गरज होती. रागाच्या भरात मॅसीचं भान गेलं होतं, असा बचाव त्यांनी केला. वेगवेगळ्या वंशांच्या ज्युरीने तो मानला नाही आणि चौघांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. पण मुख्य भूमीवरून दबाव आला आणि गव्हर्नरांनी ती एक तासावर आणली. तो तासही चौघांनी गव्हर्नरांच्या कार्यालयात काढला. नंतर सरकारने केलेल्या चौकशीत त्या पाच तरुणांनी अत्याचार केल्याला आधार सापडला नाही.

वकीलपत्र घेतलं म्हणून डॅरो यांना दोष देता येत नाही. आरोपीला वकील हवाच, मग तो लिओपोल्ड असो की फोर्टेस्क्यूबाई. पण कायदा हातात घेऊन माणूस मारणं हे सूडच होतं, आणि सूडाविरुद्ध तर डॅरो जन्मभर बोलत आले होते. शिकागोच्या पोरांचा गुन्हा भयंकर आहे असं त्यांनी कोर्टात उघड म्हटलं होतं. होनोलुलूत त्यांनी मारणाऱ्यांचं दुःखच पुढे ठेवलं. शिकागोत कायद्याने शिक्षा झाली, होनोलुलूत ती एका तासात उरकली. काहाहावाईच्या आईला मात्र न्याय मिळाला नाही.

डॅरो आणि आपलं सर्वोच्च न्यायालय

१३ मार्च १९३८ रोजी शिकागोत डॅरो यांचं निधन झालं. त्यांची राख तिथल्या जॅक्सन पार्कमधल्या तळ्यात सोडण्यात आली. तिथल्या पुलाला आज त्यांचं नाव आहे.

त्यांच्या नावाचा दाखला आपल्याकडेही दिला गेला आहे. तमिळनाडूत कोइम्बतूरच्या वकील संघटनेने काही पोलिसांचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही, असा ठराव केला होता. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. गुन्हा कितीही घृणास्पद असो, आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, हे सांगताना न्यायालयाने डॅरो यांचं उदाहरण दिलं. शिकागो खटल्यावर बेतलेल्या कम्पल्शन या सिनेमाचाही त्या निकालात उल्लेख आहे.

गावाकडे हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही. अठरा वर्षांखालचं मूल घरातून निघून गेलं तरी पोलीस ठाण्यात अपहरणाचाच गुन्हा नोंदवला जातो. नाव आलेला माणूस खरा गुन्हेगार असतो, कधी नसतो. गाव मात्र नाव ऐकताच निकाल लावून मोकळं होतं. आपल्या राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा आणि त्याच्यामार्फत बचाव करायचा हक्क दिला आहे. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा अर्ज घरचेही करू शकतात, आणि तो जेवढा लवकर होईल तेवढं बरं. शिकागोत डॅरो पोहोचले तेव्हा त्यांच्या अशिलांचं सगळं बोलून झालं होतं.